गाळ बसेपर्यंत

इंडोनेशियातल्या जावा बेटाची ‘कोपी तुब्रुक’ करायला यंत्र लागत नाही, गाळणीही लागत नाही. जाड काचेच्या पेल्यात दोन चमचे कॉफीची पूड, तेवढीच साखर, वरून उकळतं पाणी. एकदा ढवळायचं आणि पेला बाजूला ठेवून गप्पा मारायच्या. पूड आधी साय धरल्यासारखी वर तरंगते, मग चार-पाच मिनिटांत हळूहळू तळाशी जाते. तोवर पेल्याला हात लावायचा नाही. हेगमध्ये किंवा क्वालालंपूरमध्ये पहिल्यांदाच ही कॉफी मागवणारं गिऱ्हाईक हमखास घाई करतं आणि दातांत रवाळ गाळ घेऊन बसतं. ‘तुब्रुक’चा अर्थच मुळी टक्कर. नावातच इशारा आहे म्हणा ना.

या पेल्यातलं बी मूळचं जावाचं नाही. ते गेलं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून. या किनाऱ्यावर डचांचा वावर चांगलाच होता; वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीचे पडके अवशेष अजून दिसतात. कॉफीची रोपं मात्र निघाली आणखी दक्षिणेकडून, मलबारातून. 1696 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्याने ती बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला धाडली. ती पुरात गेली. 1699 मध्ये पुन्हा पाठवली, ती मात्र जगली.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. 1706 मध्ये जावाहून एक रोप अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं. 1711 पासून जावाची कॉफी युरोपच्या बाजारात येऊ लागली आणि येमेनच्या मोका बंदराची सद्दी संपत आली. 1714 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमकरांनी फ्रान्सच्या चौदाव्या लुईला एक झाड भेट दिलं, आणि त्याच्याच वंशातलं रोप पुढे कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर गेलं. अमेरिका खंडातल्या पुष्कळशा कॉफीचं कूळ शोधत गेलं, तर वाट जावावरून जाते. अमेरिकन बोलीत कॉफीला ‘जावा’ म्हणू लागले, आणि 1995 मध्ये एका संगणकी भाषेलाही हेच नाव मिळालं. हिंजवडीतल्या मुलाखतींत दिवसभर ‘जावा येतं का?’ विचारतात, ते नाव शेवटी याच बेटाचं.

बी जगभर गेलं, नावही गेलं. पिण्याची रीत मात्र घरीच राहिली; पण घरीही पिकवणाऱ्याच्या वाट्याला कॉफी येतच कुठे होती?

पश्चिम जावातल्या प्रियांगनच्या डोंगरांत कंपनी स्थानिक सरदारांकरवी शेतकऱ्यांकडून कॉफी वसूल करायची. 1830 मध्ये डच सरकारने सक्तीच्या लागवडीची पद्धत बेटभर लागू केली. झाडं लावायची, जपायची, फळं तोडायची, गोदामात पोचवायची आणि सरकार ठरवील तो भाव घ्यायचा. पश्चिम सुमात्रात ही सक्ती 1847 ते 1908 एवढी चालली. तिथे आजही ‘कवा दाउन’ मिळतो. कॉफीची पानं विस्तवावर धुरावून वाळवायची, पाण्यात उकळायची आणि तो काढा करवंटीतून प्यायचा. बिया सरकारजमा, म्हणून लोकांनी पानं उकळली, असं तिथे सांगतात. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या ‘कोपी लुवाक’चा जन्मही असाच सांगतात: झाडावरचं फळ घ्यायला बंदी, जमिनीवर पडलेल्याला कोण विचारतो! आज तीच कॉफी श्रीमंतांची चैन झाली आहे.

या पिळवणुकीची वाच्यता केली एका डच अधिकाऱ्यानेच. एदुआर्द डाउव्हेस डेकर यांनी ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने 1860 मध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ ही कादंबरी लिहिली. तिचा एक निवेदक अ‍ॅमस्टरडॅमचा कॉफीदलाल आहे, हे विशेष. पुढे 1988 मध्ये शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या कॉफीच्या डच शिक्क्यालाही हेच नाव दिलं गेलं.

चवीचं वळण रोगाने बदललं. 1870 च्या दशकात पानांवरचा तांबेरा सुमात्रा-जावात शिरला आणि सखल भागातली अरेबिका संपली. 1900 च्या सुमारास रोबस्टा आली. आज इंडोनेशियातली बहुतेक कॉफी तीच. रोबस्टा दमदार आणि कडू, तेव्हा साखर सढळ हाताने. टपरीवजा ‘वारुंग कोपी’, लाडाने ‘वारकोप’, याच कडू-गोडावर उभे राहिले. योग्याकार्तात स्टेशनजवळ रात्री कॉफीत धगधगता निखारा टाकून देतात. चर्रर्र आवाज होतो तीच ‘कोपी जोस’. पूर्व जावातल्या तुलुंगआगुंगमध्ये पेला रिकामा झाला तरी बैठक उठत नाही. तळाचा मऊ गाळ काडीने उचलून सिगारेटवर वेलबुट्टी काढायची, वाळू द्यायची, मग ओढायची. ‘न्येथे’ म्हणतात त्याला. गाळाचा इतका निवांत उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

कॉफी पिण्याची ही रीत परदेशात आधी पोचली नेदरलँड्समध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत तीनेक लाख माणसं इंडोनेशियातून तिथे आली आणि हेगसारख्या शहरांत ‘टोको’ उघडले: मसाले, शिजवलेलं जेवण आणि कॉफीबरोबर पातळ काप करून खायचा ‘स्पेक्कूक’. एकेक थर वरच्या आचेवर भाजून चढवलेला हा केक. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ. (तिथे पाटीवर ‘कॉफीशॉप’ दिसलं तर आत गांजा मिळतो, हे पाहुण्याने ध्यानात ठेवलेलं बरं.)

स्पेक्कूकच्या वासाने मराठी माणसाला घरची जायफळ घातलेली दुधाची कॉफी आठवेल, आणि ते अगदीच अस्थानी नाही. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. कॉफीची रोपं जावाला नेणाऱ्या कंपनीनेच 1621 मध्ये तिथे कत्तल करून त्याची मक्तेदारी मिळवली होती.

गेल्या काही वर्षांत मात्र जकार्त्याच्या साखळ्याच बाहेर पडल्या आहेत. 2017 मध्ये सुरू झालेली ‘कोपी कनांगान’ 2022 मध्ये मलेशियात आणि पुढच्या वर्षी सिंगापुरात पोचली. ‘कनांगान’ म्हणजे आठवण. त्यांच्या गाजलेल्या पेयाचं नाव तर ‘जुन्या प्रेमाची आठवण’. बर्फ, दूध, एस्प्रेसो आणि ‘गुला आरेन’ म्हणजे ताडगुळाच्या जातीचा काळसर गूळ. तो तळाशी बसतो, वर दूध पांढरं राहतं, आणि गिऱ्हाईक नळीने ढवळून लगेच प्यायला लागतं. कॉफीचा चोथा यंत्राजवळच्या डब्यात आपटला जातो. देशाबाहेरच्या दुकानांवर साखळीने पाटीही बदलली आहे. तिथे ‘कोपी’ नाही. ‘कनांगान कॉफी’ लिहिलेलं असतं.