राजा परत आला, पण फ्रोडो परतलाच नाही

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. आणि आधीच सांगून ठेवतो, यात स्पॉइलर आहेत. भरपूर आहेत. पण पुस्तक येऊन 70 वर्षं झाली आणि सिनेमा येऊन 20 हून जास्त, त्यामुळे तक्रार ऐकून घेतली जाणार नाही!

तर, साल 1954, महिना नोव्हेंबर, देश इंग्लंड. एका वाचकानं 'द टू टॉवर्स' नुकतं संपवलंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड. शेवटच्या पानांवर काय होतं? शेलॉब नावाची महाकाय कोळीण फ्रोडोला डंख मारते. सॅमला वाटतं, मालक गेला. तो रडतो, अंगठी स्वतःकडे घेतो आणि एकटाच पुढे निघतो. आणि मग शत्रूच्या सैनिकांच्या बोलण्यातून त्याला कळतं की फ्रोडो जिवंत आहे. पण ते त्याला उचलून किल्ल्यात नेतात आणि सॅमच्या तोंडावर दार बंद होतं. खंड समाप्त.

पुढचं पान? पुढचं पान 20 ऑक्टोबर 1955 ला. म्हणजे अकरा महिन्यांनी. आपण वेब सिरीजच्या पुढच्या सीझनसाठी थांबतो तसंच, फक्त यूट्यूबवर थिअरी सांगणारं कुणी नव्हतं.

आजचा आपला प्रश्न साधा आहे. एवढी वाट बघायला लावून जो शेवट आला, तो आजही 'शेवट असावा तर असा' म्हणून का सांगितला जातो? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

तीन पुस्तकं कुणी केली?

पहिली गंमत ही, की जे.आर.आर. टोल्कीन यांनी तीन भागांची मालिका लिहिलीच नव्हती. त्यांच्या दृष्टीनं ते एकच पुस्तक होतं, आत सहा भाग असलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कागद महाग होता, आणि हजाराहून जास्त पानांचं जाडजूड पुस्तक विकत कोण घेणार, ही प्रकाशकाची काळजी. म्हणून 'ॲलन अँड अनविन'नं त्याचे तीन खंड केले.

या प्रकाशन संस्थेतल्या रेनर अनविनची गोष्ट सांगायलाच हवी. 1936 मध्ये हा दहा वर्षांचा मुलगा होता. वडील प्रकाशक. मुलांची पुस्तकं वाचून मत सांगितलं की ते त्याला एक शिलिंग द्यायचे. त्यानं 'हॉबिट'चं हस्तलिखित वाचलं, चांगलं आहे म्हणाला, आणि 1937 मध्ये ते पुस्तक छापून आलं. पुढे 1952 मध्ये हाच मुलगा मोठा होऊन संस्थेत काम करत होता. त्यानं वडिलांना कळवलं की हे पुस्तक फार मोठं आहे, पण यात हजार पौंड बुडू शकतात. वडिलांचं उत्तर साधारण असं होतं: तुला खरंच ते थोर वाटत असेल, तर बुडव हजार पौंड!

करारही तसाच झाला. खर्च भरून निघेपर्यंत लेखकाला एक पैसा नाही, त्यानंतर नफा निम्मा-निम्मा. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पैसे बुडाले नाहीत.

तिसऱ्या खंडाच्या नावावरूनही कुरबूर झाली. 'द रिटर्न ऑफ द किंग' म्हणजे राजा परत येणार, हे मुखपृष्ठावरच फोडल्यासारखं आहे, असं टोल्कीन यांचं म्हणणं. त्यांना 'द वॉर ऑफ द रिंग' हे नाव हवं होतं. थोडक्यात, स्पॉइलरची पहिली तक्रार खुद्द लेखकाची!

आणि उशीर का झाला? गोष्ट तर लिहून तयार होती. अडलं होतं ते परिशिष्टांवर. राजांच्या वंशावळी, कालगणना, लिपी, भाषा. टोल्कीन ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक, अर्धवट काम त्यांना जमायचंच नाही. नकाशा काढायचं काम मुलगा ख्रिस्तोफरकडे होतं. शेवटी शेवटी त्यानं सलग चोवीस तास बसून तो पुरा केला.

शेवट आधी, रस्ता नंतर

टोल्कीन यांनी लिहायला सुरुवात केली डिसेंबर 1937 मध्ये. 1939 च्या आसपासच्या त्यांच्या टिपणांत एक नोंद सापडते. तेव्हा फ्रोडोचं नाव फ्रोडोही नव्हतं, बिंगो होतं! त्या नोंदीचा आशय असा: बिंगो ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत पोचतो, पण त्याच्या हातून अंगठी टाकवत नाही. तेवढ्यात गॉलम येतो, झटापट होते, गॉलम अंगठी हिसकावतो आणि खाली पडतो.

म्हणजे बघा, अरागॉर्न अजून धड जन्मालाही आला नव्हता, पण नायक शेवटच्या क्षणी हरणार हे तेव्हापासून दिसत होतं. तिथपर्यंत पोचायला मात्र दहा वर्षं लागली. मधे महायुद्ध झालं. 1944 मध्ये ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. फ्रोडो आणि सॅमच्या मॉर्डोरकडच्या वाटचालीची प्रकरणं टोल्कीन एकेक करून त्याला पोस्टानं पाठवत होते. मुलगा युद्धाच्या तोंडाशी आणि बाप घरी बसून दोन दमलेल्या माणसांची चाल लिहितोय. त्यानंतर लिखाण पुन्हा थांबलं. शेवट कागदावर उतरला 1948 मध्ये. मग अख्खं हस्तलिखित त्यांनी स्वतः टाइप केलं, कारण टायपिस्ट लावणं परवडत नव्हतं.

नायक हरतो

आता त्या कड्यावर जाऊ. फ्रोडो आगीच्या तोंडाशी उभा आहे आणि तो अंगठी टाकत नाही. 'ही माझी' म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याचं बोटच चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. कुणी ढकलत नाही. सिनेमात फ्रोडो त्याच्याशी झटापट करतो, पुस्तकात तेही नाही.

मग जग वाचलं कशानं? आधी बिल्बोनं, मग फ्रोडोनं आणि अगदी शेवटी सॅमनंही, संधी असताना गॉलमला जिवंत सोडलं म्हणून. तलवार, जादू, सैन्य, काहीच कामाला आलं नाही. कधीतरी दाखवलेली दया उपयोगी पडली, आणि तीही दाखवणाऱ्याला कल्पना नसताना.

टोल्कीन यांनी अशा वळणासाठी एक शब्दच घडवला होता: युकॅटॅस्ट्रॉफी. 1947 मध्ये छापलेल्या परीकथांवरच्या निबंधात तो येतो. सगळं संपलं असं वाटत असताना अचानक भलं होणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण त्यांची अट अशी की ते वळण स्वस्त नको. हरण्याची शक्यता शेवटपर्यंत खरी हवी.

हा शेवट सगळ्यांना पचला असं नाही. एका वाचकानं लेखकाला पत्र लिहून सांगितलं की फ्रोडोचा सत्कार कसला करता, त्याला देशद्रोही म्हणून फाशी द्यायला हवी होती! टोल्कीन यांचं म्हणणं वेगळं होतं. फ्रोडोनं शरीर आणि मन जेवढं देऊ शकतं तेवढं दिलं. त्यापुढे माणूस मोडतो. मोडणं म्हणजे गुन्हा नव्हे.

आणि मग सहा प्रकरणं!

आता आकडा ऐका. पुस्तकाच्या शेवटच्या भागात नऊ प्रकरणं आहेत. अंगठी नष्ट होते तिसऱ्यात. त्यानंतर अजून सहा. आजच्या एखाद्या एडिटरनं यातली चार तरी उडवली असती.

पण शेवट तिथेच आहे. चारही हॉबिट शायरला, आपल्या गावी परततात, तर गाव ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, कुरूप विटांची घरं, धूर ओकणारी गिरणी, भिंतीवर नियमांच्या याद्या आणि गुंडांचं राज्य. मागे हरलेला सारुमान आता इथे बसून बारीकसारीक सूड घेतोय. लढाई होते. एकोणीस हॉबिट मरतात, सत्तरच्या आसपास गुंड मरतात. म्हणजे दूरच्या देशातलं युद्ध शेवटी अंगणात येतंच.

पहिल्या खर्ड्यात टोल्कीन यांनी फ्रोडोलाच या लढाईत पुढे ठेवलं होतं, तलवार घेऊन. नंतर त्यांनी ते बदललं. छापलेल्या पुस्तकात फ्रोडो शस्त्र उपसतच नाही. शरण आलेल्यांना मारू नका, एवढंच सांगत फिरतो. माझ्या मते सगळ्या शेवटातला सर्वांत मोलाचा बदल हाच. ज्यानं एवढं पाहिलं, त्याला आता कुणाला मारावंसं वाटत नाही.

अनेकांना वाटलं, हे सगळं महायुद्धानंतरच्या इंग्लंडवर आहे. टोल्कीन यांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, हा भाग कथेत आधीपासून ठरलेला होता, आणि खरा संदर्भ हवाच असेल तर तो त्यांच्या लहानपणाचा. बर्मिंगहॅमजवळचं जे खेडं त्यांनी पाहिलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत शहरानं गिळत आणलं होतं.

गाव सावरतं. सॅम झाडं लावतो. पण फ्रोडो सावरत नाही. दर वर्षी 6 ऑक्टोबरला, जुन्या जखमेच्या तारखेला, तो आजारी पडतो. शेलॉबच्या डंखाच्या तारखेला, मार्चमध्येही तसंच. गावात त्याची फारशी कुणाला किंमत नाही, आणि हे सॅमला बोचत राहतं. ज्या शायरसाठी सगळं केलं, तो वाचला, पण त्याच्यासाठी नाही. दोन वर्षांनी तो जहाजात बसून पश्चिमेला निघून जातो.

इथे लेखकाचं आयुष्य डोळ्यांसमोर येतंच. 1916 मध्ये टोल्कीन सोमच्या लढाईत होते. शाळेपासूनचे चार जिवलग मित्र, त्यांतला रॉब गिल्सन लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलैला गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरमध्ये जखमांनी गेला. टोल्कीन खंदकातला ताप घेऊन घरी परतले म्हणून वाचले. आता, फ्रोडो म्हणजे टोल्कीन असं समीकरण मांडू नका, त्यांना ते आवडलं नसतं. पण युद्धाहून परतलेल्या माणसाला विशिष्ट तारखा का छळतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

उडवलेलं पान

खरं तर याच्याही पुढे एक उपसंहार लिहिला होता. बऱ्याच वर्षांनी सॅम आपल्या मुलांना गोष्ट सांगतोय, मुलं प्रश्न विचारतायत, कोण कुठे आहे, काय करतोय. ज्यांनी वाचलं, त्या सगळ्यांनी नाक मुरडलं. टोल्कीन यांनी तो काढून टाकला. 1992 मध्ये ख्रिस्तोफरनं 'सॉरॉन डिफीटेड' या पुस्तकात तो छापला, तेव्हा तो सगळ्यांना वाचायला मिळाला. तो गोड आहे, पण नसलेलाच बरा. कारण आता पुस्तक संपतं तेव्हा सॅम फ्रोडोला निरोप देऊन घरी येतो. चूल पेटलेली, जेवण तयार, मुलगी मांडीवर. तो फक्त एवढंच म्हणतो की आलो बुवा परत. बस.

2003 च्या पीटर जॅक्सनच्या सिनेमाला 11 ऑस्करची नामांकनं होती आणि अकराच्या अकरा मिळाली. 'टायटॅनिक'इतकीच. तरी थिएटरमधून बाहेर पडणारे म्हणायचे, अरे किती वेळा संपतो हा सिनेमा! गंमत म्हणजे त्यात शायरची लढाई घेतलेलीच नाही. गाव जसं सोडलं तसंच हिरवंगार सापडतं. सिनेमा म्हणून ठीक, पण त्यामुळे फ्रोडोचं दुःख थोडं अधांतरी राहतं. पुस्तकात गाव आणि माणूस, दोघांनाही जखम होते. एक भरते, दुसरी भरत नाही.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. महाभारतात अठरा पर्वं. युद्ध दहाव्या पर्वात संपतं. अकरावं स्त्रीपर्व, रणांगणावर आपापली माणसं शोधणाऱ्या बायकांचं. आणि पांडव हिमालयाकडे निघेपर्यंत गोष्ट संपत नाही. टोल्कीन यांनी तिथून काही घेतलं असं मी म्हणत नाही. पण जिंकल्यानंतर हिशोब करावा लागतो, हे दोन्हीकडे कळलेलं आहे.

तर मंडळी, समाधान देणारा शेवट म्हणजे सगळ्यांना सगळं मिळणं नव्हे. कुणी काय गमावलं हे गोष्टीनं विसरू नये, एवढीच अपेक्षा. पुढच्या वेळी एखादी सिरीज मोठ्या स्फोटानंतर पाच मिनिटांत गुंडाळली, की तुम्हाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. काय राहिलं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या मते कुठल्या गोष्टीचा शेवट जमलाय आणि कुठल्याचा पार फसलाय, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, ऐकत राहा!