नाकारलेले जगद्गुरुपद

१९०९ साली अड्यारच्या समुद्रकिनारी लेडबीटर यांना एका तेलुगू मुलात भावी जगद्गुरू दिसला. तो मुलगा म्हणजे जे. कृष्णमूर्ती. १९११ मध्ये त्यांच्यासाठी 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' ही संघटना स्थापन झाली. थिऑसॉफिकल सोसायटीत मात्र एकमत नव्हते. रुडॉल्फ स्टायनर यांना हा दावा अमान्य होता. १९१३ पर्यंत जर्मन शाखेतील बहुसंख्य सभासद त्यांच्यासह बाहेर पडले.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, खुद्द बेझंटबाईंच्या उपस्थितीत, कृष्णमूर्तींनीच ती संघटना विसर्जित केली. कोणताही पंथ सत्यापर्यंत नेऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनुयायांपुढे पेच उभा राहिला: गुरू मानावे, तर 'गुरू मानू नका' ही त्यांचीच आज्ञा!

आयुष्य शासकीय सेवेत गेल्याने पदाचा मोह आम्ही जवळून पाहिला आहे. चालून आलेले पद परत करणारा विरळाच. तथापि, १९८६ मधील निधनापर्यंत कृष्णमूर्ती बोलतच राहिले, आणि श्रोतेही पायांशी बसतच राहिले. गुरुपद देणाऱ्याच्या हाती असते की घेणाऱ्याच्या, हा वाद म्हणूनच आम्हांस आजही मिटलेला वाटत नाही.