बुद्धिमत्ता चाचणी: पॅरिसहून धारवाडमार्गे बेंगळुरूपर्यंत

प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या हाती जी प्रश्नपत्रिका पडते, तिच्यात एक विभाग असा असतो की त्याचे पाठ्यपुस्तक कोणत्याच इयत्तेत नसते. संख्यांची मालिका पुढे न्यावी, चार आकृत्यांतून विसंगत आकृती ओळखावी, सांकेतिक लिपीतला शब्द उलगडावा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते सांगावे, असे हे प्रश्न. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत त्यास ‘बुद्धिमत्ता चाचणी’ म्हणतात, नवोदय विद्यालयाच्या परीक्षेत ‘मानसिक क्षमता’, तर व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत ‘तार्किक विचार’. नावे निरनिराळी असली तरी कूळ एकच आहे. या कुळाचा एक महत्त्वाचा मुक्काम आजच्या कर्नाटकात, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांमध्ये पडला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

आरंभ झाला तो पॅरिसमध्ये. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले फ्रान्सच्या शाळांत आली आणि त्यांतील काही वर्गाबरोबर चालू शकत नाहीत असे दिसू लागले. अशा मुलांना ओळखून त्यांच्या शिक्षणाची वेगळी सोय कशी करावी, याचा विचार करण्यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. त्या समितीचे सदस्य असलेले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ साली ३० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे जाणारे होते. परीक्षक मुलासमोर बसे, प्रश्न तोंडी विचारी आणि उत्तर ऐकून घेई. मूल कोठे अडते हे पाहून त्याला हात द्यावा, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता.

बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, कमीजास्त न होणारी वस्तू आहे हे मत बिने यांना मान्य नव्हते. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी त्या मताचा कडक शब्दांत समाचार घेतला आणि अवधान, स्मरण व निर्णयशक्ती वाढवणारे व्यायाम मुलांकडून करून घ्यावेत, असे सुचवले. १९११ साली त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या आवृत्तीत त्या भागाकारास शंभराने गुणले, आणि बुद्धिगुणांक रूढ झाला. मुलाविषयी सांगण्यासारखे जे पुष्कळ असे, ते आता एका आकड्यात मावू लागले.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची परीक्षा घेण्याचा प्रसंग आला. प्रत्येकासमोर परीक्षक बसवणे अशक्य होते. तेव्हा एका वेळी शेकडो माणसे सोडवतील आणि कारकून गुण देतील अशा छापील चाचण्या निघाल्या. दिलेल्या पर्यायांवर खूण करायची, कारण सांगायचे नाही. याच अनुभवातून १९२६ साली अमेरिकेतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी तशी परीक्षा सुरू झाली. मदत शोधण्यासाठी निघालेली चाचणी अशा रीतीने निवड करण्यासाठी राबू लागली, आणि या स्थित्यंतरात परीक्षकाचा ‘का?’ हा प्रश्न गळून पडला.

भारतात हे शास्त्र आले ते भाषेचा प्रश्न घेऊनच. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी बिने यांच्या चाचणीचे हिंदुस्तानी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९२९ साली निघाला. त्यानंतरचे मोठे काम झाले ते त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडात. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांच्या आवृत्तीच्या आधारे मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत बिने चाचणीची सुधारित मालिका सिद्ध केली. तिची माहिती देणारा त्यांचा निबंध १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला.

या कामाचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशा चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही. पॅरिसच्या मुलाला तिथली नाणी मोजता येतील. धारवाडच्या मुलापुढे आणे-पैच ठेवायला हवेत. एका भाषेत सोपा असलेला शब्द दुसरीत अवघड असतो, आणि तिकडे सात वर्षांच्या मुलास जमणारा प्रश्न इकडे नऊ वर्षांच्या मुलास जमतो किंवा पाच वर्षांच्या मुलासही जमतो. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून, त्यांच्या उत्तरांवरून त्याचे वय पुन्हा ठरवावे लागते. जे मूल ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत त्याच्या विचारशक्तीचे माप घ्यावे, हे तत्त्व धारवाडात मराठी आणि कानडी मुलांसाठी एकाच हाताने अमलात आले. सीमाभागाच्या इतिहासात दोन्ही भाषांना असे शेजारी बसवणारे काम विशेष आठवणीत ठेवावे असे आहे.

पुढे १९५४ साली बेंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिचेच ‘निम्हान्स’ झाले. होसूर रस्त्यावरील या संस्थेत ‘बिने-कामत’ चाचणीचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. तिचे निकष आता जुने झाले, ही टीका रास्तच आहे. तरीही अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासमोर एक तज्ज्ञ बसतो, धीराने प्रश्न विचारतो आणि त्याला कोणती मदत लागेल याचा शोध घेतो, तेव्हा बिने यांचा मूळ हेतू याच शहरात पुन्हा साकार होतो.

आकृत्यांच्या प्रश्नांची वंशावळ थोडी वेगळी आहे, आणि तिलाही या प्रदेशाचा एक धागा आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या नेतृत्वाखाली. १९३५ साली म्हैसुरात ‘आकाशवाणी’ नावाचे नभोवाणी केंद्र आपल्या घरातून चालू करणारे ते हेच. लंडनला त्यांचे शिक्षण चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली झाले होते. बुद्धीच्या मुळाशी दोन क्रिया आहेत, असे स्पिअरमन यांचे म्हणणे होते. दोन गोष्टींमधला संबंध ओळखणे ही पहिली. तोच संबंध तिसऱ्या गोष्टीस लावून चौथी शोधणे ही दुसरी. पक्ष्याचे घरटे, तर मधमाशीचे काय? ‘राहण्याची जागा’ हा संबंध दिसला की ‘पोळे’ हे उत्तर आपोआप येते. आजच्या परीक्षांतील बहुतेक सगळे तर्कप्रश्न या दोन क्रियांवर उभे आहेत.

स्पिअरमन यांच्या या विचाराला चित्ररूप दिले ते जॉन रेव्हन यांनी. १९३८ साली त्यांनी ६० आकृतिबंधांची चाचणी प्रसिद्ध केली. चौकटीत आकृत्या मांडलेल्या, एक जागा रिकामी, आणि खाली दिलेल्या पर्यायांतून योग्य तुकडा निवडायचा. शब्दच नसल्याने ही चाचणी भाषा, देश आणि शिक्षण यांपासून मुक्त आहे, असे अनेकांना वाटले. काळाने तो समज टिकू दिला नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली १४ देशांतील आकडेवारी तपासली, तेव्हा आकृत्यांच्या चाचण्यांतच गुण सर्वांत अधिक वाढलेले दिसले. नेदरलँड्समधील तरुणांचा गुणांक १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० अंकांनी चढला होता. एवढ्या अवधीत मेंदू बदलत नाही. बदलली ती शाळा, पुस्तके, चित्रे आणि सवय. इंग्लंडमध्ये १९४४ नंतर अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या निवडपरीक्षेतही सरावाने गुण वाढतात, हे फिलिप व्हर्नन यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले होते.

स्वतंत्र भारतात या प्रश्नांनी निवडीचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात १९५४-५५ पासून चौथी व सातवीसाठी शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. २०१६-१७ साली ती पाचवी व आठवीसाठी करण्यात आली. तिच्यामुळे ‘बुद्धिमत्ता’ हा विषय मराठी घराघरांत पोहोचला. १९६३ साली दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली विज्ञान प्रज्ञाशोध योजना पुढच्याच वर्षी देशभर गेली. आरंभी इंग्रजीपुरती असलेली ही परीक्षा १९७६ साली भारतीय भाषांतून देता येऊ लागली. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. त्यांच्या सहावीच्या निवडपरीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न आकृत्यांचे असतात. याच्या दुसऱ्या टोकास बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा रस्त्यावरील, १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसारख्या संस्थांची प्रवेशपरीक्षा आहे. तिथेही तर्कावर स्वतंत्र भर असतो, मात्र भाषा केवळ इंग्रजी.

मराठी माध्यमातून शिकलेले मूल या प्रश्नांसमोर उणे पडते काय, ही शंका बेंगळुरूतील पालकांच्या मनात नेहमी येते. तिचे उत्तर एका साध्या मालिकेत सापडते: क, छ, ड, ध, यानंतर कोणते अक्षर? अक्षरे मोजणारा सांगेल की पहिले, सातवे, तेरावे, एकोणिसावे, म्हणजे सहा-सहाचे अंतर. म्हणून पंचविसावे अक्षर ‘म’. ज्याला वर्णमालेची चौकट ठाऊक आहे, त्याला मोजावेही लागत नाही. कवर्गातले पहिले, चवर्गातले दुसरे, टवर्गातले तिसरे, तवर्गातले चौथे, म्हणून पवर्गातले पाचवे. कंठापासून ओठांपर्यंत उतरणाऱ्या पाच ओळी आणि अघोषापासून अनुनासिकापर्यंत जाणारे पाच स्तंभ या चौकटीत आहेत. कानडी वर्णमालेचीही चौकट हीच, म्हणून तोच प्रश्न कानडी अक्षरांत जसाच्या तसा सुटतो. इंग्रजीत हीच मालिका ए, जी, एम, एस, वाय अशी होते. तेथे मोजण्यावाचून दुसरी वाट नाही, कारण त्या अक्षरक्रमाला उच्चाराची अशी व्यवस्था नाही. पहिलीत पाठ केलेली बाराखडी आणि वर्णमाला हा मुलाने हाताळलेला पहिला आकृतिबंध असतो. तो मराठी मुलाच्या पदरी आधीपासूनच आहे. त्याकडे बोट दाखवणारे कोणी हवे.

उणीव असेल तर ती दुसरीकडे आहे. १, २, ४ यानंतर काय, असे विचारल्यावर एक मूल दुप्पट करून ८ म्हणते. दुसरे एक, दोन, तीन असे वाढते अंतर पाहून ७ म्हणते. दोघांचेही तर्क निर्दोष आहेत. समोर माणूस असेल तर तो ‘का?’ विचारील आणि दोघांनाही शाबासकी देईल. यंत्राने तपासली जाणारी उत्तरपत्रिका तसे करू शकत नाही. म्हणूनच चांगला प्रश्न करणारा चौथे पदही देऊन संदिग्धता टाळतो. शिकवणीवर्गांत शेकडो नमुने पाठ करून घेतले जातात आणि गुण वाढतातही. परंतु नवा नमुना समोर आला की पाठ केलेले संपते. नियम स्वतः शोधून तो स्वतःच्या शब्दांत सांगण्याची सवय ज्याला लागलेली असते, ते मूल तेथून पुढे जाते. ही सवय ज्या भाषेत घरी बोलणे होते त्या भाषेतच सर्वांत लवकर लागते, आणि एकदा लागली की प्रश्नपत्रिका कोणत्याही भाषेत असली तरी उपयोगी पडते.

शाळेत प्रवेश देताना बालकाची परीक्षा घेऊन चाळणी करण्यास २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३व्या कलमाने मनाई केली आहे. पुढच्या टप्प्यांवरच्या स्पर्धा मात्र राहणारच; जागा थोड्या आणि इच्छुक फार, तेथे काही ना काही निकष लागतो. त्या निकषात न बसलेल्या मुलाच्या घरी निकालाच्या दिवशी जो निरुत्साह पसरतो, त्या वेळी या चाचणीचा जन्म कशासाठी झाला होता हे आठवावे. तीस प्रश्नांची ती पहिली चाचणी कोणास बाहेर ठेवण्यासाठी निघाली नव्हती. धारवाडच्या कामाने ती मराठी आणि कानडी मुलांपर्यंत पोहोचवली, तीही त्यांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारून. चुकलेल्या प्रश्नाशेजारी बसून ‘तुला असे का वाटले?’ एवढे विचारणारे वडीलधारे आणि शिक्षक जोवर आहेत, तोवर त्या मूळ हेतूला बेंगळुरूत जागा आहे.