‘ला योरोना’ : भयपटातील माया साक्ष

ग्वाटेमालातील यादवी युद्धात (१९६०-१९९६) दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते. माजी हुकूमशहा रिओस मॉन्त याला इशिल मायांच्या वंशसंहाराबद्दल १० मे २०१३ रोजी शिक्षा झाली. मात्र दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

हायरो बुस्तामान्ते दिग्दर्शित ‘ला योरोना’ (२०१९) या भयपटामागे हाच इतिहास आहे. लोककथेतील रडणारी स्त्री स्वतःच्या मुलांना बुडविते. चित्रपटात हे कृत्य सैनिकांचे ठरते आणि तिचा विलाप पश्चात्ताप न राहता आरोप बनतो. इशिल स्त्री न्यायालयात स्वभाषेत साक्ष देते. अल्माची भूमिकाही मारिया मर्सेदेस कोरॉय या काक्चिकेल माया अभिनेत्रीने केली आहे.

तथापि, अल्मा बहुतांशी मूकच राहते. तिची वेदना जनरलच्या पत्नीला स्वप्नात भोगावी लागते, तेव्हाच त्या घराला सत्य उमगते. न्यायालयाने नाकारलेला न्याय येथे भुताकडून मिळतो. म्हणून हा चित्रपट आदिवासींच्या विजयापेक्षा राज्यसंस्थेच्या अपयशाचा दस्तऐवज ठरतो.