खानदेशातील दुभाषी बाल्य

सन 1601 मध्ये असीरगड अकबराच्या स्वाधीन झाल्यापासून मोगल, निजाम, पेशवे, होळकर आणि 1818 नंतर इंग्रज अशा एकामागून एक अमलांखाली खानदेशचे दप्तर फारसीतून मोडीत आणि मोडीतून बाळबोधीत फिरत राहिले. परंतु कचेरीत जी भाषा लिहिली जाई, ती धुळ्याकडच्या कुणब्याच्या चुलीपाशी क्वचितच ऐकू येई. तेथे अहिराणी होती. यावल-रावेरकडे लेवा गणबोली होती. शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावरी, मावची आणि भिल्लांच्या इतर बोली होत्या. या मुलखातले मूल दुभाषी झाले ते कोणी हौसेने केले म्हणून नव्हे, तर उंबरठा ओलांडला की जीभ बदलावीच लागे म्हणून. आणि तरीही त्याला दुभाषी म्हणण्याचे औदार्य शिक्षणखात्याने कधी दाखविले नाही.

वस्तुतः सरकारदरबारी पुरावा होता. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशीची, म्हणजेच अहिराणीची, गणना भिल्ली भाषांबरोबर झाली असून गुजरातीशी असलेले तिचे नातेही तेथे दाखविले आहे. शाळेच्या लेखी मात्र ती निव्वळ अशुद्ध मराठी ठरली. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या क्रमिक पुस्तकांनी पुणेरी वळण प्रमाण मानले, आणि त्या पुस्तकापुढे बसलेले सहा वर्षांचे पोर 'डोळा' या अक्षरांवर बोट ठेवून 'डोया' वाची किंवा मधल्या सुट्टीआधीच 'माले भूक लागनी' म्हणून मोकळे होई, तेव्हा वर्गात हशा पिके. दोन-चारदा असे झाले की मूल बोलणेच टाकी. मग त्या मौनाची संभावना मंदबुद्धी म्हणून होई. हसू उच्चाराला असले, तरी ते उच्चार जिच्या तोंडून आले त्या आईपर्यंत जाऊन पोचते, हे मूल फार लवकर ओळखते.

याला दुसरी बाजूही आहे. शाळेत जाणारा मुलगा हाच पुष्कळ घरांत बापाचा मुखत्यार असे. मामलेदार कचेरीतली नोटीस तो वाची, कारकुनाचा सवाल बापाला अहिराणीत समजावी, बापाची फिर्याद मराठीत मांडी, आणि ती मांडताना तिच्यातला संताप किती गाळायचा हेही ठरवी. समोरच्याचा दर्जा आणि कल हेरून बोलण्याची ही तालीम त्याला अकाली प्रौढ करी. पण त्याच वेळी स्वतःच्या बापाला पराधीन झालेले पाहण्याची पाळीही त्याच्यावरच येई.

दुभाषी बाल्याचा बुद्धीवर काय परिणाम होतो, याचा तपास इतरत्रही झाला आहे. वेल्समधील ग्रामीण दुभाषी मुले बुद्धीत मागे पडतात, असा निष्कर्ष संशोधक सेअर यांनी 1923 मध्ये काढला; 1962 मध्ये मॉन्ट्रिअलच्या पील आणि लॅम्बर्ट यांनी नेमके उलटे दाखविले. माझ्या मते खानदेशी अनुभवाची मेख बुद्धीच्या मापात नसून दोन भाषांच्या पायरीत आहे. खानदेशातल्याच आसोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत, म्हणून आपल्या बोलीची लाज त्यांना शिकावी लागली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली, आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांतही आली. कविता म्हणून पाठ करावयाची बोली उत्तरपत्रिकेत लिहिली तर मात्र गुण कापले जातात, या विसंगतीचे कोणालाच वैषम्य वाटलेले दिसत नाही!

शिरगणतीत खानदेशीला स्वतंत्र रकाना आहे. 2001 साली त्यात सुमारे 20 लाख 75 हजार माणसे होती, 2011 साली सुमारे 18 लाख 60 हजार उरली. या घटीत शाळेपेक्षा घराचाच हात अधिक असावा असे मला वाटते; कारण शाळेत जे हसू झाले, त्याची आठवण बाळगणारे आईबाप आज आपसांत अहिराणीत भांडतात आणि मुलाकडे वळताच प्रमाण मराठीत बोलू लागतात. आजी अहिराणीत विचारते, नातू मराठीत उत्तर देतो. त्याला समजते सारे, पण त्या भाषेत रुसण्याची वा हट्ट करण्याची वेळ त्याच्यावर कोणी येऊच दिलेली नाही.