तेरा वर्षांची म्हैस

बीदर जिल्ह्यातल्या भालकी-औराद भागात जनावराचं वय दातांवरून ठरतं. आदत (दुधाचे दात), दुसा (दोन पक्के), चौसा (चार), मग जुळलेला. एकदा दात जुळले की पुढं दातांची झीज आणि शिंगावरची वळी पाहून अंदाजच बांधायचा. कर्नाटकाचा कायदा मात्र कत्तलीआधी म्हशीचं तेरावं वर्ष उलटलं का, हे विचारतो. बाजारात कुणालाही छातीठोकपणे न सांगता येणारा हा आकडा कायद्यात आला कुठून?

१९५८ साली मोहंमद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गाय-वासरांची कत्तलबंदी उचलून धरली, पण कामातून गेलेल्या बैल-म्हशींवर सरसकट बंदी नाकारली. तेव्हा काही राज्यांनी वयाची अटच ताणली. उत्तर प्रदेशानं २० वर्षं, बिहारनं तर २५! तेवढं जगणारी जनावरं किती? न्यायालयानं त्या अटीही अवाजवी ठरवल्या.

बीदर-गुलबर्गा तोवर हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले होते. १९६४ च्या तिथल्या कायद्यानं बैल, म्हैस, रेडा यांच्या कत्तलीला १२ वर्षांची अट घातली. पण इजा, व्यंग किंवा अन्य कारणानं जनावर दूध, ओढकाम वा पैदाशीला निकामी झालं असेल, तर त्याआधीही दाखला मिळे. माझ्या मते त्या कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग हाच. सात-आठ वर्षांची म्हैस गाभणच राहत नसेल, तर तिचा कडबा आणि पेंड पुढची कित्येक वर्षं कुणी पुरवायची?

भाकड म्हशीला गिऱ्हाईक असतं ते मांसासाठी, आणि त्या बाजाराचं एक टोक परदेशात आहे. गाय-बैलाचं मांस निर्यात करायला देशात बंदी. म्हशीचं जातं, तेही हाडं काढून. बीदरच्या पूर्वेला, हैदराबादच्या वाटेवर रुद्रारमला अल-कबीर कंपनीचा मांस निर्यातीचा कारखाना उभा राहिला, तेव्हा भोवतालच्या जिल्ह्यांतल्या म्हशी संपतील का, या प्रश्नावर २००६ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात वाद चालला. म्हशींच्या संख्येची ती काळजी खोटी नव्हती. पण भाकड म्हैस विकून त्यात भर घालून नवी दुभती आणणाऱ्या घराचा हिशोबही त्याच तराजूत यायला हवा होता.

कर्नाटकात २०१० साली कडक विधेयक मंजूर झालं, पण अमलात आलं नाही. २०१३ मध्ये ते मागं घेतलं गेलं. १८ जानेवारी २०२१ पासून नवा कायदा लागू झाला. गाय-बैलांची कत्तल पूर्ण बंद, म्हशीला १३ वर्षांची अट. पहिल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि ५० हजार ते ५ लाख रुपये दंड. कत्तलीसाठी जनावर नेणं हाही गुन्हा. वयाचा आकडा एकानं वाढला, हे फार नाही. मोठा फरक पडला तो निकामी म्हशीची वाट बंद झाल्यानं.

सीमेपलीकडं मात्र ती वाट अजून आहे. १९५६ मध्ये जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीलाही बंदी केली, पण म्हशीच्या दाखल्याला तिथं वर्षं मोजत नाहीत. दूध, पैदास, शेतीकाम यांपैकी कशाला ती उपयोगी आहे का, एवढं तपासतात. उदगीरला चालणारी ही तपासणी भालकीला का चालू नये? त्यासाठी बंगळुरूला नवं काही शोधायचंही नाही. १९६४ चं आपलंच कलम, निदान म्हशीपुरतं, परत आणायचं आहे.