बोटांत उरलेलं क्रियापद

जरा अंग चोरून उभे राहा, गल्ली अरुंद आहे. इसवी सन 950 च्या आसपासचं हे इंग्लंडातलं यॉर्क. या गल्लीला आजही कॉपरगेट म्हणतात. त्या नावात ना तांबं आहे ना दरवाजा. नॉर्स भाषेत ही पेले करणाऱ्यांची आळी.

समोरचा कारागीर पायाने फळी दाबतो. दोरी ताणली जाते, लाकूड गर्रकन फिरतं. पाय उचलला की डोक्यावरची लवचीक काठी ते उलटं फिरवते. ओली ढलपी तुमच्या पायावर येऊन पडते. पेला कोरून झाला की तो आतला गाभा मोडून फेकून देतो. असे गाभे हजारेक वर्षांनी, 1976 ते 1981 च्या उत्खननात, ओल्या मातीतून जसेच्या तसे निघणार आहेत.

तो पेला तुमच्यापुढे धरतो. "निम!"

जुन्या इंग्रजीत घ्या, म्हणतोय. तुम्ही घुटमळता, तेव्हा शेजारचा डेन त्याच्या नॉर्स बोलीत सांगतो, "टाक!" मराठी कान दचकतो, पण त्याचंही म्हणणं घ्या असंच आहे. 866 साली डेन सैन्याने हे शहर जिंकलं, तेव्हापासून दोन्ही बोली इथे भिंतीला भिंत लावून राहतात. 'टाक'चं पुढे 'टेक' होईल आणि हळूहळू 'निम'ची जागा घेईल.

आता 1599 च्या लंडनमध्ये या. शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा'त कॉर्पोरल निम आहे. नावातच त्याचा धंदा कळतो, कारण एव्हाना 'निम' म्हणजे चोरणं, हात मारणं. नाटकात तो फासावर जातो. मला हे फार लागतं. ज्या शब्दाने आयांनी लेकरांच्या हातात भाकरी ठेवली, तो भुरट्याच्या नावाला आला.

परत कॉपरगेटला चला. संध्याकाळ झाली, गारठा वाढलाय. 'निम'चं एक रूप होतं 'नुमेन', म्हणजे घेतलेलं, धरलेलं. थंडीने धरलेल्या बोटांना इंग्रज आजही त्याच रूपाने ओळखतो: 'नम', बधिर. लिहिताना शेवटी एक 'ब' येतो, पण तो मागाहून चिकटलेला.

पेला अजून तुमच्या हातातच आहे. त्याचा काठ बोटांना कळत नाही.